पिकअपला मागे डिफ लॉक लागतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (निफाड तालुका, जि. नाशिक): सर नमस्कार, माझ्याकडे साधी टू व्हील ड्राइव्ह पिकअप आहे, दीड टनवाली. द्राक्षाच्या क्रेट, कांदा, खतं सगळं तिच्यातच. मेन रोडपासून मळ्यापर्यंत पाणंद रस्ता काळ्या मातीचा आहे आणि पावसाळ्यात तिथं गाडी हमखास रुतते, त्यातही रिकामी असली की जास्त. मागचं एकच चाक जागेवर फिरतं, दुसरं गप्प. गॅरेजवाला म्हणतो मागच्या एक्सलला लॉकर, म्हणजे डिफ लॉक, टाकून घ्या, पाऊण लाखाच्या आसपास खर्च सांगतोय. मेव्हणा म्हणतो ही विक आणि चारही चाकं ओढणारी फोर बाय फोर घे. काय करू?

उत्तर: भाऊ, "एकच चाक फिरतं, दुसरं गप्प" हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण सगळी गफलत तिथंच होते. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला मागे साधं ओपन डिफरेन्शियल (एक्सलच्या मधला गियरचा संच, थोडक्यात डिफ) असतं आणि अशी गाडी फसली की एकच चाक फिरणार. दोन्ही चाकं गाऱ्यात असली तरी एकच फिरणार, ज्याच्यावर वजन जरा कमी किंवा ज्याच्याखाली ओल जरा जास्त ते. त्यामुळे फिरणाऱ्या चाकाकडे बघून लॉकरचा निर्णय घेताच येत नाही. जे चाक गप्प आहे ना, खाली उतरून त्याच्याखाली बघायचं. ते मुरमावर, दगडावर, गवताच्या बांधावर, घट्ट जागेवर उभं असेल तर लॉकर तुमचं काम करेल. आणि तेही त्याच गाऱ्यात उभं असेल तर लॉकर टाकल्यावर फरक एवढाच पडेल की आता दोन चाकं जागेवर फिरतील आणि दोन खड्डे पडतील.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काहीही विकायला आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जावं लागतं म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू द्यायचं, ही डिफची मूळ कामगिरी. १८२७ साली फ्रान्समध्ये पेकर नावाच्या माणसाने वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे आणि अजून तशीच चाललीय. पण ओपन डिफचा एक नियम आहे, ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. लोक म्हणतात सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते, ते तितकंसं बरोबर नाही, स्पीड सगळा त्या चाकाला जातो पण जोर दोघांना सारखाच मिळतो, आणि तो किती मिळणार हे सगळ्यात कमकुवत पकड असलेलं चाक ठरवतं. एका चाकाने हात टेकले की दुसऱ्यालाही तेवढ्यावरच भागवावं लागतं. डिफ लॉक काय करतो तर डाव्या-उजव्या चाकाला फिरवणारे दोन्ही दांडे (हाफ शाफ्ट) एकमेकांना जखडून टाकतो, दोन्ही चाकं एकाच स्पीडने फिरतात आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला हवा तेवढा जोर मिळतो.

तुम्ही हे ट्रॅक्टरवर रोज वापरता. नांगरताना एक चाक तासात आणि एक वर असतं, एक घसरायला लागलं की टाचेने डिफ लॉकचं पेडल दाबता आणि बांधाला वळायच्या आधी सोडता. पिकअपमधला लॉक म्हणजे तेच. आणि ट्रॅक्टर चिखलणीत दोन्ही चाकांनी फिरायला लागला की ते पेडल कितीही दाबा, उपयोग शून्य, हेही तुम्हाला माहीत आहे.

आता थोडा हिशोब करू, आकडे मी सोपे धरतोय. रिकामी पिकअप समजा १७०० किलो, त्यातले मागच्या एक्सलवर फक्त ७०० किलो, म्हणजे एकेका चाकावर ३५० (रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकीच असते, इंजिन आणि केबिन पुढे). पहिला प्रसंग असा की डावं चाक ओल्या गाऱ्यात, तिथं पकड वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३५ किलोचा जोर. उजवं चाक मुरमावर, तिथं साठ टक्के, म्हणजे २१० किलो. ओपन डिफ दोघांना ३५ आणि ३५ देणार, एकूण ७०. लॉक केला की ३५ अधिक २१०, म्हणजे २४५. दहाला एक असा चढ असेल तर नुसतं चढायलाच १७० किलो जोर लागतो आणि रस्ता मऊ असेल तर त्यावर अजून पन्नास-साठ. ७० मध्ये गाडी जागची हलत नाही, २४५ मध्ये निघून जाते. या प्रसंगात लॉकरची किंमत एका झटक्यात वसूल.

दुसरा प्रसंग तुमचा. रस्ता सपाट पण दोन्ही चाकं काळ्या गाऱ्यात, पकड दोघांची पंधरा टक्के. एका चाकाचा जोर साधारण ५२, दोघांचा मिळून १०५. लॉक करा नाहीतर करू नका, १०५ च राहणार. आणि चाकं चिखलात घुसलेली असताना गाडी पुढे ढकलायला वजनाच्या दहा टक्के तरी जोर लागतो असं धरलं तर १७० पाहिजेत. म्हणजे लॉकर असूनही गाडी तिथंच. आता याच जागी फोर बाय फोर असती तर पुढच्या एक्सलवरच्या १००० किलोचे पंधरा टक्के, १५० किलो अजून मिळाले असते, एकूण २५५, निघाली असती. म्हणून तुमच्या रस्त्यापुरतं बोलायचं तर मेव्हण्याचं म्हणणं गॅरेजवाल्यापेक्षा खरं आहे.

काळ्या मातीचा स्वभावच असा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत जाऊन बसते, आणि दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होऊन जातो, मग नवा टायर काय आणि घासलेला काय. ही माती सगळ्या रुंदीला सारखीच निसरडी असते, एक चाक कोरड्यात आणि एक ओल्यात असा प्रसंग तिथं क्वचितच येतो, आणि लॉकरला नेमका तसाच प्रसंग लागतो.

पण मी तुम्हाला लगेच गाडी विका असंही म्हणणार नाही, फोर बाय फोर घ्यायची तर हप्ता, डिझेल, मेन्टेनन्स सगळं वाढतं आणि वर्षातले दहा महिने ते पुढचं एक्सल तुम्ही नुसतं वाहून नेणार. आधी हे करून बघा. टायरची हवा. बहुतेक पिकअपवाले लोडची हवा मारून ठेवतात आणि तीच हवा घेऊन रिकामे फिरतात, टायर दगडासारखा टणक, जमिनीला टेकणारा भाग तळहाताएवढा. दरवाज्यावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते, ती पाळा. गाऱ्याचा पट्टा ओलांडण्यापुरती अजून थोडी कमी केली तरी चालतं, पण मग स्पीड अगदी कमी ठेवायचा, वळवताना स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, कमी हवेत लोड घेऊन हायवेला गेलात तर टायर तापून फुटेल. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा. दुसरं, मागचे टायर. मागे रिमोल्ड किंवा सरळ रेघांची नक्षी असलेले टायर असतील तर पावसाळ्याआधी मोठ्या गठ्ठ्यांची, मोकळ्या फटींची नक्षी असलेले टाका, गारा बाहेर फेकला जातो.

तिसरं, हौद्यात वजन. मातीची पोती भरून बरोबर मागच्या एक्सलच्या वर ठेवा आणि दोरीने घट्ट बांधा, दीडशे-दोनशे किलो पुरे. मात्र हे सगळीकडे लागू पडत नाही. वर निसरडा थर आणि खाली टणक जमीन असेल तर वजनाने चाक दाबून धरतं आणि फायदा होतो, पण जमीन खोलवर मऊ झाली असेल तर जास्त वजन म्हणजे जास्त खोल रुतणं. दोन दिवसांच्या पावसानंतर आणि पंधरा दिवसांच्या पावसानंतर एकाच रस्त्याला वेगळा न्याय लावावा लागतो.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाऊण लाख खर्च करायची तयारी आहेच तर रस्त्याचा जो पन्नास-साठ मीटरचा तुकडा खरोखर त्रास देतो तिथं शेजारच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन बाजूने चारी काढा, पाणी बाहेर पडू द्या, आणि वर खडी-मुरूम टाकून दाबून घ्या. चारी आधी, मुरूम नंतर, नाहीतर पुढच्या वर्षी मुरूम मातीत गडप. ग्रामपंचायतीत मातोश्री पाणंद रस्ते योजनेचं विचारा, २०२१ मध्ये ती योजना याच कामासाठी सुरू झाली. रस्ता सुधारला तर तुमचीच काय, दुधाची गाडी, शाळेची मुलं, सगळ्यांची सोय होते.

हँडब्रेक थोडा ओढून एक्सिलरेटर द्यायचा, ही युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगितलीच असेल. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, तिथं फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबता येतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो, तिथं ते खरंच चालतं. पिकअपचा हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो, म्हणजे जेवढा जास्तीचा जोर चांगल्या चाकाकडे गेला तेवढाच तिथला ब्रेक खाऊन टाकतो. चाक वेड्यासारखं फिरायचं थांबतं एवढाच काय तो फायदा. त्यापेक्षा सेकंड गियर, हलका एक्सिलरेटर, स्टिअरिंग सरळ, आणि चाक फिरायला लागलं की लगेच पाय काढा. डिफचा गोळा आणि हाऊसिंग मातीला टेकलं की मग लॉकर, फोर बाय फोर, काहीही कामाला येत नाही, फावडंच लागतं.

ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर साखळी चेसिसच्या हुकालाच अडकवा, बंपरला किंवा एक्सलला नको, आणि बघायला जमलेल्या पोराबाळांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. तुटलेली साखळी किंवा वायररोप माणूस मारते, याबाबतीत अजिबात ढिलाई नको.

प्रश्न (राजापूर तालुका, जि. रत्नागिरी): आमची हापूसची बाग डोंगरउतारावर आहे. वर जायला जांभ्याचा कच्चा रस्ता, मधे पावसाच्या पाण्याने तिरक्या घळी पडल्यात. गंमत म्हणजे एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांतही गाडी अडकते, एक मागचं चाक अधांतरी फिरत राहतं. आता नवीन गाडी घ्यायची आहे. डिफ लॉक असलेलीच बघू का?

उत्तर: हो, तुम्ही बघा. वरच्या पत्राला मी नको म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणतोय कारण तुमचं गप्प असलेलं चाक जांभ्यावर उभं आहे. कोरडा जांभा खडबडीत, टायरला धरून ठेवणारा, त्या चाकाला जोर मिळाला की गाडी निघालीच.

तिरक्या घळीत काय होतं बघा, गाडीची चेसिस पिळल्यासारखी होते, समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, हलकी होतात किंवा सरळ उचलली जातात. पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या लोड घेण्यासाठी जाड आणि कडक असतात, रिकाम्या गाडीत त्या लवतच नाहीत, म्हणून पिकअपचं चाक जीपपेक्षा लवकर उचललं जातं. आणि एक लक्षात ठेवा, अशा जागी नुसतं फोर बाय फोरही थांबतं. पुढेही ओपन डिफ, मागेही ओपन डिफ, पुढचं एक चाक हवेत फिरतंय आणि मागचं एक, उरलेली दोन चाकं गप्प. शोरूममध्ये फोर बाय फोर म्हणजे कुठेही जाईल असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. मागे लॉक असला की मागची दोन्ही चाकं खेचतात, आणि तुमच्यासारख्या कोरड्या टणक चढावर टू व्हील ड्राइव्हला मागचा लॉक बऱ्याचदा लॉक नसलेल्या फोर बाय फोरएवढं काम करून जातो.

प्रकार तीन धरा. पहिला हाताने लावायचा, बटण दाबलं की विजेवर किंवा हवेच्या दाबावर लॉक होतो, नको असेल तेव्हा पूर्ण मोकळा. टोयोटा हायलक्समध्ये मागे असा इलेक्ट्रॉनिक लॉक येतो, पण ती तीस लाखांच्या आसपासची गाडी आहे, आंब्याच्या पेट्या वाहायला ती घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. फोर्स गुरखाला तर पुढे-मागे दोन्हीकडे लॉक मिळतो, पण ती पिकअप नव्हे. दुसरा प्रकार आपोआप लागणारा, महिंद्रा ज्याला मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल म्हणते, थारच्या काही मॉडेलमध्ये आणि बोलेरो निओच्या वरच्या व्हेरियंटमध्ये आहे. त्यातली बोलेरो निओ टू व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे टू व्हील ड्राइव्हला मागे लॉक ही कल्पना आपल्याकडेही कंपनीने मान्य केलेली आहे. यात दोन चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की आतली यंत्रणा खटकन लॉक होते, म्हणजे चाक क्षणभर फिरू द्यावं लागतं. तिसरा लिमिटेड स्लिप. तो पूर्ण लॉक करत नाही, थोडा जोर दुसरीकडे वळवतो, आणि एक चाक पूर्ण हवेत असेल तर त्यातले गियरवर चालणारे प्रकार फारसे कामाला येत नाहीत, क्लचप्लेटवाले थोडे बरे. क्लचप्लेटवाल्यात तेलही खास लिमिटेड स्लिपचंच घालावं लागतं. तुमच्या घळीसाठी तिसऱ्याच्या नादी लागू नका.

अडचण अशी की माल वाहायच्या स्वस्त पिकअपमध्ये कंपनीकडून लॉक येणं आपल्याकडे दुर्मिळ आहे. त्यामुळे बाहेरून बसवायचा प्रश्न येतोच. बसवताना तुमच्या एक्सलच्याच मापाचा, नावाजलेल्या मेकचा घ्या, आणि क्राऊन पिनियनचं (इंजिनची ताकद डिफला देणाऱ्या दातेरी गियरच्या जोडीचं) सेटिंग जमणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, ते सेटिंग चुकलं की डिफ रडायला लागतं आणि दात खाऊन टाकतं. वॉरंटी चालू असेल तर ती जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, लेखी विचारलं तर अजून चांगलं.

वापरताना अडथळ्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश असताना लॉक लावा. चाक जोरात फिरत असताना बटण दाबलं तर दात तुटतात. लॉक असताना गाडी सरळ जायला बघते, स्टिअरिंग वळवलं तरी पुढचं तोंड वळत नाही, तेव्हा वळणाआधी काढा. आणि एक चाक हवेत असताना इंजिनचा जवळजवळ सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर येतो, पूर्ण लोड घेऊन खडकात चाक अडकलेलं असताना एक्सिलरेटर ठोकला तर शाफ्ट पीळ खाऊन तुटतो. सावकाश, लो गियरमध्ये. आणि मे महिन्याआधी घळी दगडांनी भरून घ्या, मजुरीचे दोन दिवस लागतील, पण पेट्याही कमी आदळतील आणि फळाला डाग कमी लागतील.

प्रश्न (पाटण तालुका, जि. सातारा): मी दूध संकलनाची पिकअप चालवते, पहाटे घाटातून रिकामे कॅन घेऊन जाते. पावसात वळणावर गाडीची मागची बाजू सरकते, भीती वाटते. डिफ लॉक घेतला तर थांबेल का?

उत्तर: ताई, नाही, आणि कृपा करून यासाठी लॉक घेऊ नका, धोका वाढेल. लॉक केलेल्या एक्सलची दोन्ही चाकं एकाच स्पीडने फिरतात, पण वळणावर दोघांना जायचं अंतर वेगळं. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं तर घाटातल्या पूर्ण उलट्या वळणात, वळण लहान असो की मोठं, बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ साडेचार मीटर जास्त जातं. लॉकमध्ये एवढा फरक घसरूनच भरून निघणार, आणि ओल्या रस्त्यावर चाक एकदा घसरायला लागलं की आडव्या दिशेची पकडही जाते. ओपन डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडीला जागेवर धरून ठेवतं, लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू उताराकडे जाते.

तुमचा प्रश्न टायर, हवा आणि रिकाम्या मागच्या बाजूचा आहे. मागच्या टायरच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात, झीज दाखवणारे, नक्षी त्यांच्या जवळ आली असेल तर पावसाळ्याची वाट न बघता टायर बदला. चांगले टायर मागे, हे रिकाम्या पिकअपला फार महत्त्वाचं. जाताना रिकाम्या गाडीची हवा ठेवा आणि येताना भरलेल्या कॅनसाठी लागणारी, रोज दोनदा करणं जिकिरीचं असेल तर संकलन केंद्रावर पंप ठेवून घ्या. रिकामे कॅन एक्सलच्या वर एकत्र बांधा. उतारावर गियर वळणाच्या आधीच उतरवा, वळणात क्लच झटक्याने सोडला तर इंजिनचा ब्रेक हलक्या मागच्या चाकांना बसतो आणि तिथंच गाडी सुटते. तुमची भीती योग्य आहे, कोणी हसलं तरी स्पीड वाढवू नका. पुढची गाडी घेताना स्टॅबिलिटी कंट्रोल असलेली मिळते का ते जरूर विचारा, त्यात गाडी स्वतःच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सांभाळते.

प्रश्न (कॅल्गरी, कॅनडा): इथे आम्ही वापरलेला पिकअप ट्रक घेतोय, रिअर व्हील ड्राइव्ह. डीलर म्हणतो मागे लॉकिंग डिफ आहे, बर्फात फोर बाय फोरची गरज नाही. खरं आहे का? आम्ही मूळचे सांगलीचे, बर्फाचा काही अनुभव नाही.

उत्तर: डीलरचं म्हणणं एका प्रसंगापुरतं खरं आहे. ड्राइव्हवेमधून निघताना एक चाक बर्फावर आणि एक मोकळ्या डांबरावर, तिथं लॉकर तुम्हाला बाहेर काढेल. रस्त्यावर दोन्ही चाकांखाली पक्का बर्फ असेल तर मगाशी काळ्या मातीचा हिशोब मांडला तोच लागू होतो. फोर बाय फोर असेल तर सुटायला आणि चढायला खूप फरक पडतो, पण थांबायला आणि वळायला तोही मदत करत नाही, तिथं फक्त टायर.

तिकडच्या जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये जी ८० या कोडने येणारा लॉकर आपोआप लागणारा आहे, दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की लागतो, आणि गाडी तासाला ३० किलोमीटरच्या वर असेल तर लागत नाही. हा लॉकर ईटन कंपनीचा, आणि महिंद्राच्या ज्या लॉकरचं वर सांगितलं तोही त्याच घराण्यातला आहे. फोर्डमध्ये बटणावरचा असतो. तुमच्या ट्रकमध्ये कोणता आहे ते ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवरून किंवा गाडीच्या चेसिस नंबरवरून डीलरकडूनच काढून घ्या, लॉकिंग म्हणून लिमिटेड स्लिपही विकला जातो. बटणावरचा असेल तर निसरड्या रस्त्याला तो लावून चालवायचा नाही, सुटण्यापुरता लावा आणि काढा.

पैसे आधी विंटर टायरवर घाला, चारही चाकांना, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले. तापमान ७ अंशाच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं, आणि तुमच्याकडे तर उणे पंचवीस सहज होतं. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, अल्बर्टात सक्ती नाही म्हणून बरेच जण टाळतात, तुम्ही टाळू नका. हौद्यात एक्सलवर वाळूची पोती बांधा, ती वाळू वेळप्रसंगी चाकाखालीही टाकता येते. आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये परवानगी घेऊन गाडी हळू चालवून, ब्रेक दाबून बघा, गाडी किती लांब सरकते ते स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न (चाकण, जि. पुणे): एक मिस्त्री म्हणतो लॉकर कशाला, डिफमधले स्टार गियर वेल्डिंग करून देतो, दोन हजारात काम होईल. करू का?

उत्तर: करू नका. वेल्ड केलेलं डिफ म्हणजे कायमचा लॉक, काढायची सोयच नाही. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला एक चाक फरपटत जाणार, टायर काही महिन्यांत खलास, एक्सलवर सतत पीळ, आणि ओल्या रस्त्यावर पाटणच्या ताईंना जे सांगितलं तो धोका रोजचाच. गियरचं पोलाद कडक केलेलं असतं, त्यावर साधं वेल्डिंग नीट धरत नाही, तुकडा सुटून क्राऊन पिनियनमध्ये गेला तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं, हौद्यात माणसं बसलेली असली तर विचार करा. शेतातच राहणाऱ्या, रस्त्यावर कधीच न येणाऱ्या गाडीला काही जण असं करतात, पण तुम्ही रोज चाकण चौकातून जाता. त्या मिस्त्रीला सांगा तेल बदलून दे आणि एक्सलच्या बेअरिंग तपासून दे, दोन हजारात तेवढं काम चोख होईल.